चार बोटांचे अंतर

कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये एखाद्या लांबट चिंधीसारख्या पसरलेल्या देवबागेत, आषाढातल्या एका दुपारी, माझ्या वृद्ध आत्येच्या ओटीवर बसून, तिच्या सासऱ्यांच्या अमदानीत रापणीच्या मासळीचे वाटे कसे पडत, जाळ्याला किती, होडीला किती आणि दोर ओढणाऱ्या माणसांना किती, ही हकीकत मी ध्वनिमुद्रित करीत होतो. त्या कामासाठी पाच आकडी किंमत मोजून मी एक कंडेन्सर माइक मुद्दाम मागवला होता, आणि तो तिच्यापासून दोन फुटांवर, पानाच्या तबकाशेजारी, एखाद्या मानकऱ्याला बसवावे तशा अदबीने मांडला होता. दीड तास आत्ये बोलली आणि दीड तास मी धन्य होऊन ऐकत राहिलो.

घरी येऊन ते मुद्रण लावले, तेव्हा प्रथम कौलांवरचा पाऊस ऐकू आला, मग पागोळ्या, मग डोक्यावरच्या पंख्याची घरघर, मग शेजारच्या घरातला मिक्सर, आणि या सगळ्यांच्या पाठीमागे, माजघरातून कोणी बोलावे तशी, आत्ये. एकूण वाटे किती पडत हा आकडा ज्या क्षणी तिने उच्चारला, नेमक्या त्याच क्षणी वाऱ्याचा एक झोत आला होता, आणि माझ्या त्या महागड्या, तत्पर आणि निःपक्षपाती यंत्राने त्या झोताची नोंद आत्येच्या आकड्याहून अधिक निष्ठेने केली होती. पुढच्या खेपेस हे मी तिला ऐकवले, तेव्हा ती म्हणाली, "अरे झिला, तुझो ह्यो दांडो पावसाचाच आयकता, माझा खंय आयकता?" ध्वनिमुद्रणाच्या शास्त्रावर मी त्यानंतर पुष्कळ वाचले, परंतु या एका वाक्याने जे शिकवले त्याहून फारसे अधिक त्यात सापडले नाही.

हा प्रसंग जाहीरपणे सांगण्याचे कारण असे की, २००४ साली एका ब्रिटिश पत्रकाराने 'गार्डियन'मधील लेखात ज्याला सहज 'पॉडकास्ट' हे नाव सुचवले, तो प्रकार आता मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्यापर्यंत येऊन पोहोचला आहे, ही आनंदाची गोष्ट असली, तरी या उद्योगाला लागणाऱ्या तरुण मंडळींचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो, आणि तो म्हणजे 'माइक कोणता घ्यावा?' माझ्या अल्प मताप्रमाणे हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. माइक तोंडापासून किती अंतरावर ठेवावा हा पहिला, कोणत्या खोलीत आणि कोणत्या दिशेला ठेवावा हा दुसरा. आणि या दोहोंची उत्तरे ज्याला सापडली, त्याच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्याच्या गावातच निघते.

अंतराचा हिशेब अगदी सोपा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे माइकवर पडणारा त्याचा दाब निम्मा होतो. चार बोटे म्हणजे सुमारे तीन इंच. तिथून दोन फुटांवर जाईपर्यंत अंतर तीनदा दुप्पट होते आणि आवाजाचा दाब एकअष्टमांश उरतो. पाऊस मात्र कौलांवर जिथे होता तिथेच असतो. माइक दोन फूट इकडे असला काय किंवा तिकडे असला काय, त्याचे काही जात नाही. आत्येला मी जिथून ऐकत होतो तिथे तिचा आवाज आठ हिश्शांतला एक हिस्सा उरला होता आणि पावसाचा मात्र आठही हिश्शांनी शाबूत होता. हा तोटा कोणत्याही किमतीचे यंत्र भरून काढू शकत नाही, कारण आवाज वाढवायला जावे तो त्याच्याबरोबर पाऊसही तितकाच वाढतो.

आता यंत्रांच्या जातींविषयी. डायनॅमिक माइकमध्ये एका पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते, ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्या हलण्यातून वीज उत्पन्न होते. आमच्या लहानपणच्या सायकलीच्या डायनामोशी त्याचे सख्खे नाते आहे, आणि त्याला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. कंडेन्सर माइकमध्ये दोन पत्रे एकमेकांसमोर विद्युद्भार धरून बसलेले असतात, त्यांच्यातले अंतर आवाजाने कमीजास्त होते, आणि बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा केल्याखेरीज ते काम करीत नाहीत. १९१६ साली अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी घडवलेली ही दुसरी जात नाजूक, संवेदनशील आणि सूक्ष्म आहे. सतारीच्या झंकारासाठी किंवा बंदिस्त, मऊ भिंतींच्या स्टुडिओतल्या गायनासाठी ती उत्तमच. तोंडाजवळ आणली तर तीही पावसाला दूर ठेवते, तेव्हा माझ्या फसगतीचा सगळा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु मालवणच्या किनाऱ्यावर तिला एक खरा शत्रू आहे, तो म्हणजे इथली खारट, ओलसर हवा. जून ते सप्टेंबर या काळात हवेतले बाष्प त्या पत्र्यांवर बसते, विद्युद्भार गळू लागतो, आणि मुद्रणात फुटाणे फुटल्यासारखा तडतडाट येतो. ज्या घरात पापड महिनाभर कुरकुरीत राहत नाहीत, त्या घरात कंडेन्सर माइक ठेवणाऱ्याने हवाबंद डब्याची आणि सिलिका जेलच्या पुड्यांची तजवीज आधी करावी.

डायनॅमिक माइक या बाबतीत शेतकऱ्याच्या प्रकृतीचा आहे. तो आपटतो, भिजतो, वाळतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्याला तोंडाजवळ जावे लागते, आणि जवळ गेल्यावर तो दूरच्या गोष्टींची फिकीर करीत नाही. आणि इथेच 'काखेत कळसा नि गावाला वळसा' या म्हणीचा प्रत्यय येतो. सिंधुदुर्गातल्या वाडीवाडीत भजनी मंडळ आहे, गणेशचतुर्थीच्या दिवसांत रात्ररात्र दोन बुवांची डबलबारी रंगते, आणि पेटीवर बसलेले बुवा ज्या माइकला ओठ टेकवल्यासारखे गातात, तो माइक बहुधा दोन-तीन हजार रुपयांचा साधा डायनॅमिकच असतो. मंडळाच्या ट्रंकेत, टाळांच्या पिशवीखाली आणि अहुजाच्या ॲम्प्लिफायरशेजारी, तो वर्षातले दहा महिने निजलेला असतो. पडद्यावरच्या मुलाखतींत जो जाड, काळा, लोंबता माइक प्रतिष्ठेचे चिन्ह होऊन बसला आहे, त्या शुअर कंपनीच्या एसएम ७ चा जन्म १९७३ चा, आणि जगभरच्या गायकांच्या हाती दिसणाऱ्या जाळीदार डोक्याच्या एसएम ५८ चा १९६६ चा. दोघेही डायनॅमिक, आणि दोघांच्या पोटातले यंत्र एकाच घराण्याचे. त्यातही त्या महागड्या भावाचा आवाज मूळचाच इतका क्षीण की, स्वस्त जोडयंत्राला, म्हणजे ऑडिओ इंटरफेसला, लावला तर तो वाढवता वाढवता खरखरच अधिक वाढते. तेव्हा बुवांच्या हातातला माइक हा त्या घराण्याचा, निदान स्वभावाने, गावाकडचा भाऊबंद आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याची तीन पिनांची कॅनन पिन मोबाइलच्या किंवा संगणकाच्या भोकात जात नाही एवढीच काय ती अडचण; तेवढ्यापुरते ते लहानसे जोडयंत्र घ्यावे लागते.

असा एक उसना माइक घेऊन मी भाद्रपदाच्या अखेरीस पुन्हा देवबागेत गेलो. या खेपेस ओटी सोडून आम्ही आतल्या खोलीत बसलो. कारण चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा झाला की खोली हंड्यासारखी घुमते, आणि त्या घुमण्यावर आत्येच्या कपाटातल्या जुन्या गोधड्यांइतका रामबाण उपाय नाही. अशा माइकचे ऐकण्याचे क्षेत्र साधारण हृदयाच्या आकाराचे असते, म्हणजे त्याला समोरचे पूर्ण, बाजूचे अर्धेमुर्धे आणि पाठीमागचे फारच थोडे ऐकू येते; म्हणून गोधडी टांगायची ती वक्त्याच्या पाठीशी, आणि ज्या दिशेने गोंगाट येतो त्या दिशेला करायची ती माइकची पाठ. देवबागेत गोंगाटाची दिशा शोधावी लागत नाही. खिडकीतून समुद्राची गाज येत होती. माइकची पाठ तिकडे केली, आणि ओघानेच आत्येचे तोंड समुद्राकडे झाले. माइक तिच्या ओठांपासून चार बोटांवर, परंतु थेट समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी थोडा कलता ठेवला; कारण प, फ, ब, भ या ओष्ठ्य वर्णांबरोबर जो श्वासाचा फटका बाहेर पडतो, तो सरळ पडद्यावर आदळला म्हणजे भाकरी थापल्यासारखा आवाज येतो, आणि भाऊ, भात, फणस, भजन यांवाचून कोकणात पाच मिनिटे बोलणे होत नाही. मी स्वतःसाठी दुसरा माइक घेतला होता, आणि दोन माइकांमधले अंतर प्रत्येकाच्या तोंडाशी असलेल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवले, म्हणजे एकीचे बोलणे दुसऱ्याच्या कानात शिरत नाही. पंखा बंद करावा की काय असा विचार चालू असतानाच वीज गेली. विजेच्या नावाने आजवर मी पुष्कळ बोटे मोडली असतील, परंतु तिच्या जाण्याने पंखा, फ्रीज, मिक्सर आणि शेजारचा दूरदर्शनसंच एकाच वेळी मौन धरतात आणि बॅटरीवरचे मुद्रण निर्वेध चालू राहते, हे त्या दिवशी कळले.

मोबाइलवर का करू नये, असे कोणी विचारील. जरूर करावे, वीतभर अंतरावर, येणारे कॉल बंद ठेवण्याची खबरदारी घेऊन केलेले मोबाइलचे मुद्रण दोन फुटांवरच्या महागड्या माइकपेक्षा सरस ठरते. परंतु मोबाइलमध्ये आवाज आपोआप वाढवण्या-घटवण्याची एक योजना असते. माणूस थांबला की ती आवाज वर ओढते, आणि आत्ये आठवण्यासाठी क्षणभर गप्प झाली की तेवढ्यात समुद्र खोलीत येऊन बसतो. गोंगाट पुसणारी दुसरी योजना तर त्याहून धाडसी. जे बोलणे मंद, लांबट आणि नाकातून येणारे असते त्यालाच ती गोंगाट समजू शकते. मालवणीचा सारा जीव वाक्याच्या शेवटच्या त्या लांबवलेल्या हेलात आणि 'खंय', 'थंय' मधल्या अनुनासिकात आहे. तेव्हा शक्य तर अशा सुधारणा बंद ठेवाव्यात, आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राखावी, म्हणजे एखादे खळखळून हसणे आले तरी ते फाटत नाही, आणि मूळ मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा अविकृत स्वरूपात जपावे. एका माइकचे एका तासाचे असे मुद्रण सुमारे ५२० मेगाबाइट भरते. आजच्या काळात हा भार काहीच नव्हे. आणि उठण्यापूर्वी कोणीही न बोलता त्या खोलीच्या शांततेचे एक मिनिट मुद्रित करून घ्यावे. पुढे संपादनात जिथे काही कापावे लागते तिथे ठिगळ म्हणून तेच उपयोगी पडते.

इतका तपशील सांगण्याचे प्रयोजन केवळ हौशी मंडळींची सोय एवढेच नाही. या जिल्ह्याचा मोठा ठेवा कागदावर नाही. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे ठरतात, आणि मग राजा नि राक्षस रंगमंचावर उभ्या उभ्या भाषण रचतात. ती रात्र संपली की ते भाषणही संपले. देवळातले गाऱ्हाणे घालणारा मानकरी आणि त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरणारा गाव यांच्यातला ताल कोणत्याही लिपीत उतरत नाही. पिंगुळीच्या ठाकर समाजातील परशुराम गंगावणे यांना चित्रकथीसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या परंपरेतली चित्रे संग्रहालयात टिकतील, परंतु चित्र पुढे धरून जी कथा गायली जाते ती गळ्यात असते. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६५ साली कुडाळी बोलीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही प्रमाणभूत आहे. परंतु त्यातली वाक्ये ध्वनिचिन्हांत गोठलेली आहेत, ती बोलणारा कंठ त्यात नाही. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात प्रत्यक्ष बोलण्याचे ध्वनिमुद्रण झाले हे फार मोलाचे. आणि जात्यावरच्या ओव्यांचे गी पॉइतवँ व हेमा राईरकर यांनी उभे केलेले काम, ज्यात लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्याला बर्नार्ड बेल यांच्या ध्वनिमुद्रणाची जोड नसती, तर जात्याची घरघर आणि ओवीची चाल यांचे नाते आपल्या नातवंडांना केवळ तर्काने ताडावे लागले असते.

एके काळी माइक ही सरकारी वस्तू होती. रत्नागिरीला १९७७ साली आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा कोकणच्या माणसाला माइकसमोर बसायचे तर जाड दरवाजांच्या आत, तांबड्या दिव्याखाली, ठरलेल्या मुदतीत आणि शक्यतो प्रमाण भाषेत बोलावे लागे. त्या व्यवस्थेने आवाज जपण्याची शिस्त दिली हे खरे, पण कोणाचा आवाज जपावा याचा अधिकारही स्वतःकडे ठेवला. तो अधिकार आज सुटला आहे आणि त्याच्याबरोबर शिस्तही सुटली आहे. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो माइक घेतो, चार भाग काढतो, कंटाळतो, आणि माइक कपाटात बुरशी धरतो. जिच्याजवळ सांगण्यासारखे आहे, ती म्हातारी दोन फुटांवरून बोलत राहते.

म्हणून माझी सूचना अशी की, माइक ही खाजगी चैनीची वस्तू न समजता वाचनालयाचा जिन्नस समजावा. या मुलखाला वाचनालयांची परंपरा थोडीथोडकी नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता पावलेली आणि अनुदान घेणारी ग्रंथालये आपल्या तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांतल्या निदान प्रत्येक तालुक्याच्या एका ग्रंथालयात एक पेटी असावी: दोन डायनॅमिक माइक, दोन टेकू, फोमच्या दोन टोप्या, एक जोडयंत्र, एक हेडफोन, मेमरी कार्ड आणि सिलिका जेलच्या पुड्या. पुस्तक नेतात तशी ती नोंदवहीत सही करून आठवड्याच्या मुदतीने न्यावी, आणि परत करताना मूळ मुद्रणाची एक प्रत ग्रंथालयाच्या दप्तरी दाखल करावी. तिच्यासोबत बोलणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि त्याचे संमतिपत्र असावे. कारण आवाज ही माणसाची मिळकत आहे, आणि त्याच्या घरी जाऊन, त्याचा चहा पिऊन, ती परवानगीवाचून चव्हाट्यावर मांडणे हा दांडगावा आहे. देवाच्या गाऱ्हाण्यासारख्या गोष्टींत तर गावाचीही मुभा घ्यावी.

यावर आक्षेप निघतील. ग्रंथालयांना पुस्तके कोरडी ठेवणे जमत नाही, तिथे माइक कसे टिकणार, असे एक जण म्हणेल. त्याला उत्तर असे की, डायनॅमिक माइक पुस्तकाहून चिवट आहे आणि त्याला वाळवी लागत नाही. पेटी नेणारा ती मोडील, असे दुसरा म्हणेल. मोडली तर आपल्या बाजारपेठेतला साउंडवाला ती दुरुस्त करून देईल, हाही साधी वस्तू निवडण्याचा एक लाभ आहे. तिसरा म्हणेल की, हे सगळे ऐकणार कोण? या आक्षेपाला माझ्याजवळ युक्तिवाद नाही, केवळ अनुभव आहे.

भाद्रपदातल्या त्या दिवशी आत्येने वाट्यांचा हिशेब पुन्हा सांगितला, आणि या खेपेस आकडा स्वच्छ उमटला: चौदा. समाधानाने मी लिहून घेतले, शांततेचे ते एक मिनिटही घेतले, आणि निघण्यापूर्वी तिच्या कानांवर हेडफोन चढवून तिचेच बोलणे तिला ऐकवले. बराच वेळ ती समुद्राकडे पाहत ऐकत राहिली. मग कानांवरची ती टोपरी एका बाजूने उचलून म्हणाली, "हंय मी चुकलंय रे. वाटे चवदा नाय, सोळा होते. त्या देवळाचे दोन ऱ्हवले." मी माइक पुन्हा तिच्या ओठांपासून चार बोटांवर धरला.